बावन्नचे सत्तर

हेडबाईंनी पेटीतले सगळे सिगार वर्तमानपत्रावर काढून ठेवले, तलम फडके डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळले आणि पेटीचे आतले लाकूड पुसायला घेतले. नळाचे पाणी या कामाला चालत नसे. त्याने डाग पडत आणि पुढेमागे बुरशी धरे. फडके फिरले की लाकूड क्षणभर गडद होई आणि पाहता पाहता पुन्हा फिके पडे. काल दोनदा पुसले, आज सकाळपासून ही तिसरी खेप. खांदा भरून आला होता, पण हात थांबवण्याची सवय त्यांना नव्हती.

लेक कोपऱ्यातल्या पलंगावर नवी चादर घालत होती. तिला राहवेना.

"त्या सिगारांनी बाबांची फुप्फुसं खाल्ली, आणि तू त्यांच्या पेटीला अंघोळ घालतेस?"

"चादरीचे कोपरे नीट खोच," हेडबाई म्हणाल्या. "आणि सिगार सोडून त्यांना आठ वर्षं झाली."

"मग ही पेटी कशाला जपायची?"

हेडबाईंनी फडके पुन्हा पाण्यात बुडवले. त्यांचे यजमान मोठ्या बोटींवर चीफ इंजिनियर होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली तरी सारी गल्ली त्यांना चीफच म्हणे. सिगार सुटले, पण पेटी सुटली नाही. रोज सकाळी चीफ झाकण उघडत, आतल्या तबकडीवरचा ओलाव्याचा काटा वाचत, डोळे मिटून एकदा खोल वास घेत, खालचे सिगार वर आणि वरचे खाली करत आणि वहीत तारखेपुढे आकडा लिहीत. सत्तर टक्के ओल, सिगार ताजे राहायला लागते तेवढी. कधी एकोणसत्तर. जहाजावर इंजिनाची नोंद ठेवावी तशी ती वही होती. तिच्यात आजवर खाडाखोड नव्हती की अंदाजाचा आकडा नव्हता.

मग बावीस दिवस ते इस्पितळात होते.

तिसऱ्या दिवशी तोंडावरचा मास्क बाजूला करून त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "पेटी?"

"सत्तर," हेडबाई म्हणाल्या होत्या. घरी त्या फक्त कपडे बदलायला जात. पेटीच्या खोलीचे दार त्यांनी उघडलेसुद्धा नव्हते. त्यानंतर चीफ रोज विचारत आणि हेडबाई रोज सत्तर सांगत. विसाव्या दिवशी डॉक्टरांनी मायलेकींना बाहेर बोलावून सांगितले, महिना, फार तर दोन. त्या आत आल्या तेव्हा चीफ जागेच होते.

"काय म्हणाले?"

"दोन महिन्यांत फाटकापर्यंत चालाल म्हणाले."

रोज ज्या आवाजात आकडा सांगत त्याच आवाजात त्यांनी हे सांगितले. चीफनी मान हलवली आणि कितीतरी रात्रींनंतर त्या रात्री त्यांना सलग झोप लागली.

आज दुपारी त्यांना घरी सोडणार होते, आणि काटा बावन्नवर होता.

"निघू दे ना कोरडी निघाली तर," लेक म्हणाली. "आभाळ कोसळणार आहे का?"

"हे खोटं कळलं की दुसरंही कळेल."

"मग आपणच सांगू ना, आई. त्यांना कळायला नको?"

"कळायला हवं. पण आज नको. घरच्या अंथरुणात त्यांची एक तरी झोप होऊ दे."

लेक उशीचा अभ्रा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने तो चढवला.

ऑक्सिजनचे मशीन लावायला आलेला माणूस बोलका होता. त्याने मशीनची छोटी बाटली दाखवून तिच्यात कुठपर्यंत पाणी भरायचे ते तीनदा समजावले. "डिस्टिल्डच हं, बाई. नळाचं नाही घालायचं."

"माहीत आहे," हेडबाई म्हणाल्या. "या घरात त्या पाण्याची आता दोन गिऱ्हाइकं झाली."

तो काही न समजता हसला. हेडबाईंनी कॅनमधले पाणी आधी मशीनच्या बाटलीत ओतले. उरले ते बशीत घालून पेटीत ठेवले, सिगार परत रचले आणि झाकण लावले. तासाभराने पाहिले तर काटा चोपन्नवर आणि दहा मिनिटांत पुन्हा बावन्नवर. घाई करूनही उपयोग नव्हता. वाळलेल्या सिगारला एकदम ओल दिली की वरचे पान फुगून तडकते. पंधरा दिवस तरी धीर धरावा लागतो. त्यांच्या हाती तास-दीड तास होता.

त्यांनी तबकडी काढून उलटी केली. मागे एक बारीक स्क्रू होता. ओले मीठ आणि तबकडी एका बरणीत रात्रभर बंद करून ठेवायची, सकाळी काट्याने पंचाहत्तर दाखवले पाहिजेत. न दाखवले तर हा स्क्रू फिरवून काटा जागेवर आणायचा, हे चीफनीच त्यांना शिकवले होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हेडबाईंनी एकाही मुलाला एका गुणाने वर ढकलले नव्हते. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू दोन गुणांनी गेला तेव्हाही नाही. त्यांनी चष्मा सरळ केला, स्क्रूमध्ये पेचकस बसवला आणि सावकाश अठरा गुण वाढवून दिले.

चीफ आले ते खुर्चीत बसून, दोघांनी उचलून. नाकातली नळी मशीनला जोडली, पाण्यात बुडबुडे सुरू झाले. पलंगावर निजायला त्यांनी साफ नकार दिला.

"आधी पेटी."

हेडबाईंनी पेटी त्यांच्यासमोर ठेवून झाकण उघडले. चीफनी काटा वाचला.

"सत्तर."

"सत्तर," हेडबाई म्हणाल्या.

ते सवयीने वास घ्यायला वाकले आणि अर्ध्यावर थांबले. "राहिलं," ते हसून म्हणाले. "नाक आता भाड्यानं दिलंय."

हेडबाईंनी झाकणाला हात घातला. पण चीफनी एक सिगार उचलला, कानाशी नेला आणि दोन बोटांत हलकेच फिरवला. इंजिनाचा कुठला भाग कुरकुरतो आहे ते ज्यांना वरच्या मजल्यावरून ऐकू येई, त्या कानाशी. नीट जपलेला सिगार आवाज करत नाही. हा वाळक्या पाचोळ्यासारखा चुरचुरला. मशीनच्या बुडबुड्यांतूनही तो आवाज दारातल्या लेकीपर्यंत गेला.

चीफनी तो जागच्या जागी ठेवला. दुसरा उचलला. तोही चुरचुरला. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

"हेडबाई, डॉक्टर काय म्हणाले होते? पुन्हा एकदा सांग."

लेकीने दाराची चौकट धरली.

"दोन महिन्यांत फाटकापर्यंत चालाल, असं म्हणाले." प्रार्थनेच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत जाई तो आवाज होता. फक्त शेवटचा शब्द जरा आत राहिला.

खिडकीतून फाटक दिसत होते. चीफनी तिकडे पाहिले.

"फाटकापर्यंत," ते म्हणाले. "पुष्कळ झालं की. वही दे."

हेडबाईंनी वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. बावीस तारखा ओळीने कोऱ्या होत्या.

"भरली नाहीस?"

"अक्षर तुमचं. मध्येच माझं कशाला?"

त्यांनी आजच्या तारखेपुढे सत्तर लिहिले. मग पेन वर नेऊन पहिल्या कोऱ्या ओळीवर टेकवले. सत्तर. श्वास घेतला. सत्तर. पाचव्या ओळीपासून आकडे ओळ सोडून खाली उतरले.

"बाबा, दमाल," लेक म्हणाली. "उद्या करा."

"अर्धी वही तुझ्या आईच्या शाळेत चालत नाही."

पंख्याच्या वाऱ्याने पान उडत होते. हेडबाई जवळ गेल्या आणि त्यांनी पानाचा कोपरा बोटांनी दाबून धरला. नवव्या ओळीवर चीफ जरा थांबले, विचार केला आणि सत्तरच्या जागी एकोणसत्तर लिहिले.

"सगळे सारखे आले की नक्कल ओळखू येते," वर न पाहता ते म्हणाले.