लाल पेन्सिलीचं पान

मी एक जुनी वही आहे. हसू नका मित्रांनो, साधीसुधी नव्हे, एका मालिकेची वही. अकरा वर्षं ती मालिका घराघरांत दिसत होती आणि तिचा सगळा हिशेब माझ्या पोटात होता.

माझा जन्म एका फजितीतून झाला. मालिकेतले लंगडे आजोबा सोमवारी डाव्या पायाने लंगडले आणि मंगळवारी उजव्या! मुलांनी पत्रं पाठवून सगळ्यांची बिनपाण्याने हजामत केली. तेव्हा नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी मला आणलं. कुणाचा पाय, कुणाचा तीळ, कोणतं दार आत उघडतं, सारं त्या माझ्यात लिहीत. सेटवर त्यांना सगळे आठवणबाई म्हणत. दिग्दर्शक अडला की ओरडायचा, "आठवणबाई, वही काढा!" तेव्हा मी काय मिरवायचे म्हणून सांगू!

मालिकेत कुणी वारलं की बाई लाल पेन्सिलीने लिहीत. लाल लिहिलेलं खोडायचं नाही, हा त्यांचा नियम.

एका वर्षी मालिकेतल्या घरातल्या सगळ्यात लहान मुलीचं, धाकटीचं, काम करणारी पोर तापाने खरोखरच गेली. आईची एकुलती एक. मग मालिकेतही धाकटी वारल्याचं दाखवून तिला निरोप दिला. त्या दिवशी थोरल्या भावाचं काम करणाऱ्या नटाला रडायला सांगावं लागलं नाही. पोरीची आई एवढंच म्हणाली, "तिच्या जागी दुसरी आणू नका हो." निर्मात्याने शब्द दिला. बाईंनी तो लाल पेन्सिलीने माझ्यात लिहिला.

यंदा त्याच घराची नवी मालिका निघाली. नव्या लेखकाने पहिल्याच भागात धाकटीला परत आणलं. म्हणे, ती मेलीच नव्हती, हरवली होती! बाई मला छातीशी धरून त्याच्याकडे गेल्या.

"हे पान वाचा."

"अहो बाई, इतकं जुनं कुणाला आठवतंय?"

"तिच्या आईला."

त्याने मला उघडलंसुद्धा नाही. शब्द देणारा निर्माता शेजारीच मोबाइल चाळत बसला होता. मला त्याचाच जास्त राग आला.

पहिला भाग लागला आणि दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "बाई, शेजारची मुलं धावत आली. म्हणाली, काकू, धाकटी परत आली! मी काय सांगू त्यांना?"

बाईंनी त्याच दिवशी काम सोडलं. मी मागे राहिले. सेटवरचं एक टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली मला सरकवलं.

मित्रांनो, नव्या गोष्टी खुशाल लिहा. त्या घरावर मजले चढवा, आजोबांना घोड्यावर बसवा, मी हूं की चूं करणार नाही. पण आधी जुनी वही उघडा. कुठल्या तरी पानावर कुणाचं तरी खरं माणूस असतं.

नवी पोर गुणी आहे, तिचा काय दोष? ती त्याच टेबलावर बसून संवाद पाठ करते. काल तिने विचारलं, "माझ्याआधी धाकटीचं काम कोण करायचं?"

आसपासच्या कुणालाच माहीत नव्हतं. मी तिच्या टेबलाखालीच होते.