रविवारीच दाखवायचं घर

सत्यशीला रामटेके रागावली की बोलत नसे. राग पोटात ठेवत असे, आणि तिच्या पोटातला राग लोणच्यासारखा मुरत असे. गुणवंतरावांनी केलेला अपमान तिने नऊ वर्षं मुरवला.

तेव्हा ती चंद्रपूरच्या एका दवाखान्यात सिस्टर होती. घुग्घुस रोडला शहर संपता संपता सुखनिवास नावाची वसाहत होती. बावीस घरं, दारोदारी जास्वंद, दुपारी चिटपाखरू नाही. तिथे गुणवंतरावांनी दोन घरं बांधली होती, एक राहायला आणि शेजारचं विकायला. ते मूल तालुक्याकडचे, धानाची शेती भावाला देऊन इथे आलेले. शेजारचं घर सत्यशीलाला आवडलं, भाव ठरला, कमळाबाईंनी चहा आणला. चहा अर्धा झाला तेव्हा गुणवंतरावांनी सहज विचारावं तसं आडनाव विचारलं. तिने सांगितलं.

गुणवंतरावांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, तो गृहस्थ मुरलेलाच होता. नुसतं म्हणाले, "सिस्टर, कॉलनी शांत हाये. शांतच राह्यली पाह्यजे." बौद्धांच्या बाईने घर घेतल्यावर कोणती दंगल होणार होती, ते काही त्यांनी सांगितलं नाही. निघताना तिने पाहिलं, तिचा कप बाकीच्या कपांपासून वेगळा, बाहेरच्या नळाखाली ठेवला होता. त्या कपाने तिचं रक्त जेवढं तापलं तेवढं बोलण्यानेही तापलं नव्हतं.

ते घर एका बँकवाल्याने घेतलं. सात वर्षांनी त्याची बदली झाली. त्याने आडनाव नाही, चेक पाहिला, आणि त्याच घरात सत्यशीला राहायला आली. गुणवंतरावांनी आधी मधली भिंत दोन फूट उंच केली. भिंतीने भागेना, तेव्हा सहा महिन्यांत स्वतःच्याच दारावर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी लावली. लोकांना सांगत, इथलं हवापाणी सोसत नाही. दोन घरं पलीकडे मात्र बोलून गेले की शेजार बिघडला, आता राहवत नाही. ते तिच्या कानावर यायला किती वेळ लागणार?

त्या दिवशी तिने ठरवलं. हा माणूस माझ्यापासून पळून जाऊ पाहतो आहे ना? मग जाणार नाही. मरेपर्यंत माझ्याच शेजारी राहील.

आता खाणीबद्दल सांगायला हवं. वसाहतीपासून कोसभरावर कोळशाची खाण होती. रोज दुपारी साडेतीनला भोंगा व्हायचा, मग सुरुंग उडायचे आणि बावीसही घरं पायापासून हलायची. दर दिवाळीला भेगा भरायच्या, वरून रंग द्यायचा, वर्षभरात त्या पुन्हा हजर. रविवारी तेवढी खाणीला सुट्टी असे. म्हणून गुणवंतराव घर दाखवायचे ते रविवारीच. त्यांनी स्वतःही तो प्लॉट रविवारीच पाहिला होता आणि फसले होते. धान पिकवणाऱ्याला सुरुंगाचं काय कळावं? पण फसलेला माणूस शहाणा झाला की दुसऱ्याला फसवायला मोकळा होतो.

सत्यशीला मात्र घुग्घुसची, खाणकामगाराची मुलगी. तिच्या माहेरी घर घेण्याची रीत ठरलेली होती. आडदिवशी, सुरुंगाच्या वेळी जायचं, काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला फरशीवर ठेवायचा आणि किती पाणी सांडतं ते बघायचं. बँकवाल्याचं घर तिने तसंच घेतलं होतं. पेला पाऊण उरला, भावही तिने पाऊणावर आणला आणि डोळे उघडे ठेवून सही केली.

पहिलं गिऱ्हाईक वडसाचं, तांदळाचा व्यापारी, बायकोसह आलेला. घर पाहून दोघं बाहेर आली तेव्हा सत्यशीला फाटकाशीच होती. तिने घराची तारीफ केली, वसाहतीची केली, आणि मंगळवारी सव्वातीनला आपल्याकडे चहाला यायचं आमंत्रण दिलं. शेजारीण कशी आहे तेही बघून घ्या, म्हणाली. मंगळवारी दोघं आली. तिने चहा दिला आणि पाण्याचा पेला फरशीवर ठेवला. व्यापाऱ्याच्या बायकोने विचारलं, हे काय? सत्यशीला म्हणाली, बघा ना.

भोंगा झाला. मग जमिनीतून धक्का आला, भांडी वाजली, पेल्यातलं पाणी फरशीवर आलं, आणि पलीकडे गुणवंतरावांच्या सज्ज्याचा पोपडा धपकन खाली पडला. व्यापारी चहा तसाच टाकून उठला.

त्यानंतर धानोऱ्याचे हेडमास्तर आले, मग एक ठेकेदार, मग आणखी दोघं. सगळ्यांनी रविवारी घर पाहिलं आणि आडदिवशी चहा घेतला. सत्यशीला एका शब्दाने खोटं बोलली नाही. तिला त्या दिवसांत इतकी गाढ झोप लागायची की तिचंच तिला नवल वाटे. कोंबडं झाकल्याने तांबडं फुटायचं थोडंच राहतं, असं म्हणत ती दर रविवारी केसांना तेल लावून फाटकाशी उभी राहायची.

दीड वर्षाने एका संध्याकाळी गुणवंतराव तिच्या अंगणात आले. पहिल्यांदाच. वाळले होते. तिने खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"सिस्टर, मले जाऊ द्या इथून."

"मी खोटं सांगतलं काय कोनाले?"

"नाई."

"मंग तुमी आडदिवशी दाखवा घर."

"आडदिवशी कोन घेते बाई?"

"मी घेतलं," सत्यशीला म्हणाली.

 गुणवंतराव खाली बघत म्हणाले की तुम्हीच घेऊन टाका, निम्म्या भावात द्यायला तयार आहे. तिचा मुलगा अजय दोन वर्षांपासून चंद्रपुरात घर शोधत होता. आजी आणि नातू भिंतीला भिंत लावून राहिले असते. क्षणभर तिला नातवाचं रांगणं त्या अंगणात दिसलं. तो क्षण तिने गिळला.

"नाई भाऊ. तुमी इथीच राहा, माह्या शेजारी. तुमचं बीपी वाढते, मले मालूम हाये. एखाद्या दिवशी छातीत कळ येईन. तुमचं पोरगं पुण्याले. कमळाबाई कोनाचं दार वाजवतीन? माह्यंच." ती थांबली. "आन मी येईन."

गुणवंतरावांनी मान वर केली, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. तिला वाटलं होतं, ते पाहून बरं वाटेल. आणि तिला खरोखरच बरं वाटलं.