वड्यांबरोबर काय?

दोन्ही घरांनी एकत्र जेवायचं कुठे, यावर नायगावच्या परबांकडे आठवडाभर खल चालला होता. मुंबईत खायच्या जागा काय थोड्या? पण प्रत्येक जागेला कोणीतरी खुसपट काढायचंच. आकांक्षाने परळचं इराणी हॉटेल सुचवलं, तर तिची आई शांताबाई म्हणाल्या, व्याह्यांना काय बनमस्क्यावर वाटेला लावायचं? ध्रुव आगाशे म्हणजे होणारा जावई. त्याने दादरच्या थालीपीठवाल्याचं नाव काढलं. ते दगडू परबांना पटेना. ते तर आगाशांचंच जेवण झालं, मग आपण त्यांना काय जेवू घातलं?

बेस्टमधून निवृत्त झालेल्या दगडूंचं खरं दुखणं वेगळंच होतं. ठाकूरद्वारचे आगाशे पक्के शाकाहारी, घरात केक आला तरी अंड्याची चौकशी होणार. आणि दगडूंच्या पोरीने लहानपणापासून बांगड्याचं डोकं कधी कुणाला दिलं नव्हतं. लग्न ठरलं, हॉल ठरला, पण सासरी मासे चालतील का, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. आकांक्षा हसून म्हणायची, सोडेन की मी मासे, त्यात काय. तिचं ते हसूनच म्हणणं बापाला जास्त डाचायचं.

शेवटी ध्रुवच्या वडिलांचा, गंगाधर आगाशांचा फोन आला, तेव्हा दगडूंच्या तोंडून निघून गेलं, "रविवारी लालबागला वडे खायला या." मग गंगाधरराव म्हणाले की वडे म्हणजे उत्तमच, येतो. दगडू खूश झाले. माणूस वाटतो तितका सोवळा नाही, असं त्यांनी घरात जाहीरही करून टाकलं.

शांताबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, त्यांका वडे म्हटल्यार बटाटेवडेच वाटतले."

मालवणी घरात वडे म्हटले की सोबत कोंबडी येणारच, ती वेगळी सांगायची नसते. पुन्हा फोन करून हा खुलासा करायला दगडूंची जीभ रेटेना. ते तडक लालबागला गेले आणि खानावळवाल्या दुर्गाला म्हणाले, रविवारी आमच्या टेबलावर सगळ्यांना वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारच वाढ. दुर्गाने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांना ताप भरलाय. पण मान डोलावली.

रविवारी सगळे जमले. दुर्गा अनोळखी गिऱ्हाइकालाही भाऊ, ताई करणारी बाई. त्या दिवशी मात्र ती गंगाधररावांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. त्यांच्या पुढ्यात न मागता लिंबाची फोड आणि कांदा ठेवून ती निघून गेली, याचं दगडूंना जरा नवल वाटलं. वडे गरम होते, टम्म फुगलेले. गंगाधररावांच्या पत्नी सुनेत्राताईंनी एक संपवून दुसरा घेतला आणि सांबाराची कृतीही विचारली. दगडूंचा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात सुनेत्राताईंनी शेजारच्या टेबलाकडे बोट केलं.

"त्यांच्या वड्यांबरोबर काय आहे?"

"सागोती," वाढता वाढता दुर्गा बोलून गेली.

"ती कसली भाजी?"

दगडूंनी उगाच पाण्याचा ग्लास उचलला. आणि गंगाधरराव, वडा मोडत, अगदी सहज बोलून गेले, "कोंबडी गं. पण इथे यावं ते बुधवारी, बांगड्याचं तिखलं असतं तेव्हा."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. हातातला वडा हातातच राहिला. गंगाधरराव ज्या बँकेत कामाला, तिची शाखा इथून दोन गल्ल्यांवर होती, हे दगडूंना आत्ता आठवलं. दुर्गाने ओळख का दाखवली नाही तेही उमगलं. कुटुंबासह आलेलं गिऱ्हाईक आपण होऊन ओळखायचं नाही, ही तिची जुनी रीत.

सुनेत्राताईंनी शांतपणे घास संपवला. "दर बुधवारी ह्यांची मीटिंग असते. डबा भरलेला परत येतो आणि शर्टाला माशाचा वास. कपडे मीच धुते ना? सासूबाई असेपर्यंत घरात शक्यच नव्हतं. त्या गेल्यावर वाटलं, बोलावं. पण मला करता येत नाही, मग बोलून काय उपयोग?" मग त्या आकांक्षाकडे वळल्या. "तुला येतं ना गं तिखलं? मग बुधवारी आपल्या घरीच कर. मी खाणार नाही. पण मला ह्यांना घरी जेवताना बघायचंय."

दगडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. सांबार तिखट झालंय, असं ते म्हणाले, आणि ते मुळीच तिखट नव्हतं. गंगाधररावांनी बायकोकडे पाहिलं आणि लाजून लिंबू पिळलं. दुर्गा कमरेवर हात ठेवून दगडूंना म्हणाली, "परबानू, माझा बुधवारचा गिऱ्हाईक पळवलात."

आकांक्षाने सांबाराची वाटी बाजूला सारली आणि सागोती मागवली. ती आली तसा तिने वड्याचा तुकडा मोडला, सासूच्या शेजारी बसून, कुणाच्या तोंडाकडे न बघता रश्शात बुडवला आणि खाल्ला.