न पाहिलेला ट्राय

“घाबरलीस की डोळे मिटायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. उघडशील तेव्हा संकट निघून गेलेलं असेल.”

हे मावशीच्या आईचं सांगणं. आईला जाऊन तेवीस वर्षं झाली, पण मावशीनं ते जन्मभर पाळलं. दाढ काढताना पाळलं, हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा पाळलं, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात दाराबाहेरच्या बाकावर बसून पाळलं. त्या बाळंतपणात जन्मलेली पोर आता नऊ वर्षांची झाली आणि रग्बी खेळायला लागली, तेव्हापासून तर दर रविवारी सकाळी पाळायची वेळ यायला लागली.

पोरीला सगळे गोटी म्हणत. रांगायच्या वयात जिथे ठेवावी तिथून घरंगळत जायची, म्हणून पडलेलं नाव. वडील ती दोन वर्षांची असतानाच गेले. आई वर्षापूर्वी लांबच्या एका बंदरात नोकरीला गेली. “राहायला नीट जागा मिळाली की नेते गं ताई हिला,” असं म्हणून लेकीला थोरल्या बहिणीकडे ठेवून गेली. आता जागा मिळाली होती. दोन खोल्या, खिडकीतून जहाजं दिसतात म्हणे. मागच्या रविवारी फोनवर तिनं सांगितलं, “तिलाच विचारू. यायचं असेल तर सुट्टी लागली की ये म्हणावं, नसेल तर शाळा तिथेच पुरी करू दे. पुढच्या रविवारी एक वाजता फोन करते.”

तो पुढचा रविवार आज होता.

मावशीनं निरोप तेवढा गोटीला सांगितला, पण नंतर आठवडाभर तिनं विषय काढला नाही, गोटीनंही काढला नाही. शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलंय आणि आवाज करायचा नाही, अशा बेतानं दोघी घरात वावरत होत्या. मावशी हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत शिलाईला होती. तळघरातली ती खोली, एक मशीन, फाटक्या चादरींची चळत, भिंतीपलीकडे धुलाईयंत्रांची घरघर. तिथे दिवसभर कुणी बोलायला नसे. संध्याकाळी घरी यावं तर पूर्वी तिथेही कुणी नसे. एक कप धुवायचा, एक ताटली धुवायची, की दिवस संपला. वर्षभर मात्र दोन ताटल्या होत्या, बाथरूमच्या दारात चिखलाचे बूट होते आणि “मावशी, माझा माउथगार्ड कुठंय?” हा रोजचा ठणाणा होता. माणसाला ठणाण्याचीसुद्धा सवय लागते.

मैदानावर नऊ वाजताच गर्दी झाली होती. एका मोठ्या मैदानाचे चुन्याच्या रेघा आखून चार तुकडे केलेले, प्रत्येक तुकड्यावर पोराटोरांचे दोन दोन संघ. गोटीच्या संघाचे तीन सामने होते. बाकीचे आईबाप मधल्या रेघेपाशी घोळक्यानं उभे होते, एकमेकांच्या थर्मासातला चहा पीत. मावशी घोळक्याच्या टोकाला आपलं घडीचं स्टूल मांडून बसली. वर्षभरात तिथे तिची ओळख “गोटीची मावशी” एवढीच झाली होती. त्यापुढे कुणी विचारलं नव्हतं, आणि आपणहून सांगावं असं तिच्या अंगात नव्हतं.

शेजारी मात्र भोंगा होता. हे नाव पोरांनी ठेवलेलं. कुणा एका बचावातल्या पोराचा बाप, आवाज असा की शेजारच्या मैदानावरचा खेळसुद्धा थांबावा.

“अरे धर त्याला! पायाला धर! घरी माझा पाय बरा धरतोस आइस्क्रीमसाठी!”

लोक हसले. मावशीही हसली, पण तोंडावर हात ठेवून.

तिला हा खेळ कधीच पुरता कळला नव्हता. चेंडू म्हणावा तर गोल नाही, अंडं म्हणावं तर फुटत नाही. हातात धरून पुढे पळायचं, पण फेकायचा तो मागेच. समोरच्यानं कमरेखाली मिठी मारून पाडायचं, आणि पडलेल्यानं उठून पुन्हा त्याच्याच अंगावर जायचं. पलीकडच्या रेघेमागे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय. गोटीच्या अकरा नंबरच्या जर्सीवरचा आकडा मावशीनंच शिवला होता, दुहेरी टाक्यानं. अकरा नंबर म्हणजे अगदी कडेला उभं राहणारं पोर. तिथवर चेंडू फारसा पोचत नाही, म्हणून सरांनी सगळ्यात लहान चणीच्या पोरीला तिथे ठेवलेलं.

पहिल्या सामन्यात तो पोचलाच नाही. संघ हरला. गोटी कडेला उभी राहून गार हातांवर फुंकर मारत राहिली.

दुसऱ्या सामन्यात तो आला.

मावशीनं तो येताना पाहिला. एका हातातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि मग गोटीच्या छातीवर. समोरून एक उंच पोरगा धावत येत होता, गोटीच्या दीडपट. मावशीचे डोळे आपोआप मिटले. ओठ हलायला लागले. काळोखात पावलांचा धबधब आवाज, भोंग्याचं “पळ पळ पळ!” आणि मग एकच गलका.

डोळे उघडले तेव्हा संकट खरंच निघून गेलं होतं. पार पलीकडच्या कोपऱ्यात पोरांचा ढीग पडला होता आणि ढिगाखालून चिखलानं माखलेली गोटी चेंडू पोटाशी धरून बाहेर येत होती.

“अहो मावशी!” भोंगा आनंदानं उड्या मारत होता. “काय पोर आहे! त्या ताडमाडाला वाटलं ही आत वळणार, ही बाहेरून निसटली! एक हात टेकला, पडता पडता सावरली, आणि थेट कोपऱ्यात! आमचा ठोंब्या बघत राहिला नुसता!”

“हो का,” मावशी म्हणाली.

वर्षातला तिचा पहिला ट्राय. सामना संपल्याची शिट्टी होताच गोटी तीरासारखी मावशीकडे आली. गुडघा सोललेला, दातांवरचा माउथगार्ड हातात.

“मावशी, पाहिलंस? मी त्याला कसं चकवलं, पाहिलंस ना?”

मावशीचा एक नेम होता. सकाळी उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत खोटं बोलायचं नाही. अख्ख्या दिवसाचा नेम झेपेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. दुपारी शिलाईखोलीच्या मुकादमीणबाईंना काहीबाही सांगावं लागे. वीस वर्षं हा अर्धा नेम तिनं मोडला नव्हता. देवाचं नाव घेताना खोटं बोलायची वेळ येत नाही, माणसांशी बोलताना येते.

साडेदहा वाजले होते.

एक शब्द पुरे होता. भोंग्यानं सगळं सांगितलंच होतं: आत वळणार वाटलं, बाहेरून निसटली, हात टेकला. नुसतं म्हणायचं, “पाहिलं गं, हात टेकलास तेव्हा तर माझा जीवच गेला.” पोर गळ्यात पडली असती. आणि एक वाजता फोन येणार होता.

“नाही पाहिलं, बाळा,” मावशी म्हणाली. “मी डोळे मिटले होते.”

गोटीचं तोंड उघडंच राहिलं.

“का?”

“भीती वाटली. तो पोरगा तुझ्या अंगावर येत होता.”

“पण मी ट्राय केला!”

“उघडले तेव्हा दिसलं. आधीचं नाही दिसलं.”

गोटी खाली बघत बुटानं गवत उकरायला लागली. “म्हणजे कुणीच नाही पाहिलं.”

“असं कसं? सगळ्यांनी पाहिलं. त्या काकांनी तर—”

“ते दुसऱ्यांचे आहेत.”

मावशीनं थर्मासातलं कोमट पाणी रुमालावर ओतलं आणि गुडघा पुसायला वाकली. गोटीनं पाय मागे घेतला नाही, पण पुढेही केला नाही. पलीकडे भोंगा आपल्या पोराला केळं सोलून देत होता आणि पोर म्हणत होतं, “बाबा, तू जरा हळू ओरड ना, पंचसुद्धा हसतात.”

गुडघा पुसून झाला तरी गोटी तिथेच उभी होती.

“मावशी, तू खरं सांगितलंस. मग मीपण सांगू?”

“सांग.”

“मला आईकडे जायचंय.” ती एका दमात म्हणाली. “मंगळवारीच ठरवलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले. फोनवर ‘माहीत नाही’ म्हणणार होते.”

मावशीनं रुमालाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. एवढंच तर होतं, ज्याला ती आठवडाभर भीत होती. या वेळी डोळे मिटायचं सुचलंच नाही. गोटी इतकी जवळ उभी होती की तिच्या भुवईवरचा चिखलाचा ठिपकासुद्धा स्वच्छ दिसत होता.

“बरं केलंस सांगितलंस ते,” ती म्हणाली. “आईला तसंच सांग. ‘माहीत नाही’ म्हणू नकोस, ती तिकडे झुरत बसेल.”

“रडतेस?”

“थोडी.”

“माझ्यामुळे?”

“मला तू हवी होतीस म्हणून. त्यात तुझी चूक काय?”

गोटीनं यावर विचार केला. मग तिनं चिखलाचा हात मावशीच्या स्वेटरच्या बाहीला पुसला, नाइलाजानं पुसावा तसा, आणि तो तिथेच ठेवला.

“तिसऱ्या सामन्याला एक करशील?”

“काय?”

“तिकडे, त्या कोपऱ्यात उभी राहशील?” तिनं पार टोकाच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. “सगळे इथे मध्येच उभे असतात. मी पळत तिथे जाते आणि तिथे कुणीच नसतं. मघाशीपण नव्हतं.”

“चेंडू आलाच नाही तुझ्याकडे तर?”

“तरी.”

“राहते,” मावशी म्हणाली. “शेवटच्या शिट्टीपर्यंत. वचन.”

सरांनी हाक मारली. गोटी माउथगार्ड दातांत बसवत पळाली, आणि तिला जे आणखी काही म्हणायचं होतं ते नुसतंच “म्म् म्म्” असं ऐकू आलं.

मावशीनं स्टुलाची घडी केली. पिशवी भोंग्याच्या पायाशी ठेवली.

“एवढी बघता का जरा?”

“बघतो की. पण निघालात कुठे? तिसरा सुरू होतोय!”

“त्या कोपऱ्यात.”

“अहो, तिथून काय दिसणार? वारा नुसता. इथे बसा माणसांत.”

“बोलून बसलेय पोरीला,” ती म्हणाली, आणि घोळक्याच्या मागून, कुणाचा थर्मास लवंडू नये अशी पावलं टाकत, चुन्याच्या रेघेच्या बाहेर बाहेरून चालायला लागली.