चादर काढ

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि जन्मभर फोटो काढता काढता गिऱ्हाइकांना बोलून बेजार करणाऱ्या त्या माणसाजवळ दोनच शब्द उरले. "चादर काढ." बायकोचं नाव गेलं, मुलांची नावं गेली, तहान लागली तर पाणी मागायचं तेही गेलं, आणि एवढ्या मोठ्या भांडारातून शिल्लक राहिली काय, तर चादर.

सुरुवातीला घरच्यांना वाटलं, उकडत असेल. आई लगबगीने पांघरूण काढायची. बाबा डोळे मिटून मान आडवी हलवायचे. मग वाटलं, गादीवरची टोचत असेल. ती बदलली. सुती घातली, धुऊन धुऊन मऊ झालेली घातली, शेवटी नुसती गादीच ठेवली. दोरीवर रोज एक तरी चादर वाळत असायची, आणि बाबा उघड्या गादीवर बसून, डावा हात आपटत, लालबुंद होऊन म्हणायचे, "चादर काढ." आता काय गादीची साल काढायची? आईने हात टेकले.

त्यांना बोलायला शिकवण्यासाठी एक बाई येत. बाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आईला आणि मुलांना समोर बसवून सांगितलं, "सुटा शब्द तोंडातून येतो, त्याला फारसा अर्थ नसतो. पण हा शब्द ते कशासाठी तरी वापरतात, एवढं मला एकदा दिसू द्या. मग त्याला धरून मी पुढचा शब्द ओढून काढीन. नाहीतर मी येऊन तुमचाही वेळ घालवतेय आणि माझाही." महिनाअखेरीस त्या थांबणार होत्या.

थोरल्याने मान डोलावली. त्याला हे आधीच पटलेलं होतं.

धाकटी दातांची डॉक्टर. घरात तिला सगळे 'दातवाली' म्हणत. हे नाव बाबांनीच ठेवलेलं, आणि थोडं रागावूनच. स्टुडिओ हीच चालवणार असं त्यांनी मनाशी धरलं होतं. "मी लोकांना दात दाखवायला लावायचे आणि हिने ते उपटायचे," असं ते आल्यागेल्याला सांगत. दात कोरून पोट भरत नाही ही म्हणही त्यांनी तिला हजारदा ऐकवली. त्यावर ती म्हणायची, "स्वतःचे कोरून नाही भरत बाबा. दुसऱ्यांचे कोरून भरतं." मग दोघंही हसायचे.

बापाच्या धंद्यातली एकच गोष्ट तिने उचलली होती. फोटोला बसलेली माणसं श्वास रोखून धरतात. बाबा खटका दाबत आणि लगेच म्हणत, "श्वास सोडा." सगळं खानदान एकदम सैल पडायचं आणि हसायचं. दातवाली दात काढून झाला की पेशंटला अगदी त्याच सुरात तेच सांगे, आणि सांगताना तिला दर वेळी बरं वाटे.

आता तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. बाबा आत आहेत की नाहीत? हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं, ते सगळं ती सोसणार होती. पण त्या लालबुंद चेहऱ्यामागे बाबा असतील आणि काहीतरी सांगत असतील, आणि आपण नुसत्या चादरी धूत बसलो असू, या विचाराने तिचा जीव अर्धा होत होता.

रविवारी थोरला खालच्या स्टुडिओत मोजपट्टी घेऊन शिरला. जागा एका शिंप्याला द्यायचं चाललं होतं. तो पडदे उतरवत होता, दिव्यांचे स्टँड बांधत होता. माणूस वाईट नव्हता. फक्त एखादी गोष्ट संपली म्हटलं की त्याला तिची आवराआवर केल्याशिवाय चैन पडत नसे. जिन्यात त्याने दातवालीच्या हातात कॅमेरा दिला.

"हा तू ने. जाम झालाय. दोन दुकानांत दाखवला. दोघंही म्हणाले, आतून बसलाय, शोभेला ठेवा."

कॅमेरा म्हणजे काळी चौकोनी पेटी होती. पुढे भिंग, मागे फिल्म भरायचा वेगळा निघणारा डबा, ज्याला बाबा 'पाठ' म्हणत, आणि वर एक झाकण. ते उघडून छातीशी धरायचा आणि वरून खाली बघायचं, की समोरचं सगळं काचेवर दिसतं. झटका आला त्या दिवशी तो बाबांच्या हातात होता. टेबलाला धडकून दोघं एकदमच खाली आले होते.

दातवाली तो घेऊन वर आली आणि बाबांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली. खिडकीतून चांगला उजेड येत होता. आई पलीकडे चहाचं आधण ठेवून पत्तीच्या डब्याशी झटत होती. त्या डब्याचं झाकण सरळपणे कधीच निघत नसे. हल्ली ते उचकटायला तिने कुठूनशी एक दुमडलेली पत्र्याची पट्टी पैदा केली होती.

कॅमेरा दिसताच बाबा सावरून बसले. "चादर काढ," ते म्हणाले.

"काढली ना बाबा. ती बघा दोरीवर."

बाबांनी मान फिरवली. पोरगी मोठी झाली तरी अक्कल यायचीच राहिली असा चेहरा केला.

दातवालीने बोटाने खटका दाबला. दबला नाही. बाजूची किल्ली फिरवली. फिरली नाही. अडलेल्या वस्तूला जोर लावायचा नाही, हे तिला तिच्या धंद्याने शिकवलं होतं. दाढ हलत नसेल तर आधी कारण बघायचं, मग पकड उचलायची. तिने वरचं झाकण उघडून आत पाहिलं. काचेवर खिडकी दिसली, खिडकीतली दोरी दिसली, दोरीवरची चादर दिसली. म्हणजे आतला आरसा जागेवर होता. फोटो काढून झाला की या कॅमेऱ्यात आरसा वर जातो आणि किल्ली फिरवल्यावरच खाली येतो. आरसा खाली आहे, याचा अर्थ किल्ली आधीच फिरवलेली आहे. मग ती आणखी कशी फिरेल? कॅमेरा बिघडलेला नव्हताच. तो फोटो काढायला सज्ज होऊन बसला होता, आणि कोणीतरी त्याला अडवून धरलं होतं.

"दुकानदार कसले, नुसते झाकणं पुसणारे," ती पुटपुटली आणि मागची पाठ काढायला तिने कळ सरकवली. पाठ अलगद सुटून हातात आली.

"चादर," बाबा म्हणाले. यावेळी आवाज चढला नव्हता. ते जवळजवळ विनवत होते.

दातवालीचा हात तिथेच थांबला. पाठ इतक्या सहज सुटली कशी? आत फिल्म असताना ती अशी सुटत नाही, नाहीतर सगळ्या फिल्मला उजेड लागेल. ती सुटते कधी, तर फिल्मवर पत्रा ओढलेला असेल तेव्हा. पातळ, सपाट पत्रा. फटीतून आत सरकवायचा आणि त्याची मूठ बाहेर राहते. पत्रा आत असला की खटका दबत नाही, आणि फोटो काढण्याआधी तो…

लहानपणीची एक दुपार तिच्या डोळ्यांपुढे आली. ती स्टुडिओतल्या स्टुलावर उभी होती, आणि बाबा गिऱ्हाइकाच्या रडक्या पोराला सांगत होते, "फिल्मबाई झोपल्यात. आता त्यांची चादर काढू, म्हणजे त्या डोळे उघडून तुझ्याकडे बघतील." मग पत्रा सर्रकन बाहेर निघे आणि तो सांभाळायला तिच्या हातात येई. बाबा त्या पत्र्याला पत्रा कधी म्हणालेच नाहीत. दुकानातल्या लोकांपुढेसुद्धा म्हणाले नाहीत.

दातवालीने पाठ खिडकीकडे फिरवली. फटीच्या तोंडाशी केसाएवढी चकाकणारी रेघ होती. मूठ तुटून गेली होती आणि पत्रा आतच राहिला होता. हिरडीखाली मोडलेलं मूळ राहावं तसा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरातल्या सगळ्या चादरी झिजल्या, आणि खरी चादर स्टुडिओच्या कपाटात पडून होती.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिने पाठ त्यांच्यापुढे धरली. "ही चादर?"

बाबांनी डोळे मिटले. यावेळी मान आडवी हलली नाही. ती खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायचं कोणालाच सुचलं नाही.

दातवालीने पिशवीतून आपला बारीक चिमटा काढला. पाठ मांडीवर घेऊन ती रेघ पकडणार, एवढ्यात बाबांचा डावा हात तिच्या मनगटावर पडला. हात चांगलाच जोराचा होता. "चादर," ते दरडावले आणि त्यांनी पाठ कॅमेऱ्याकडे ढकलली.

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि तिला हसू आलं. सुटी पाठ भर उजेडात धरून ती पत्रा ओढायला निघाली होती. आधी पाठ लावायची, मग चादर काढायची. हे तिला आठ वर्षांची असताना येत होतं, आणि बाबांना ते या घडीलाही येत होतं.

"दादा, वर ये," तिने जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "मोजपट्टी तिथेच टाक आणि ये."

पाठ बसवली. चिमट्याने रेघ धरली. जोर न लावता, मुळासारखंच, थोडं इकडे थोडं तिकडे करत तिने तो पत्रा हलवला. तो कुरकुरला, अडला, आणि मग सर्रकन बाहेर आला. आई पत्तीचा डबा सोडून जवळ आली. तिने पत्र्याची तुटकी कड बघितली, मग आपल्या हातातली पट्टी बघितली.

"अगं बाई. ही मला हे पडल्यावर स्टुडिओ झाडताना मिळाली. म्हटलं, झाकणाला बरी आहे."

पट्टी कडेशी जुळवून पाहिली. तंतोतंत बसली.

"हे मला रोज सांगत होते, आणि मी यांच्याच समोर रोज तिनेच डबा उघडत होते," आई म्हणाली आणि मटकन पलंगावर बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तोंडाची एक बाजू अजून उचलत नव्हती, पण दुसरीने त्यांनी दोन्हीचं काम केलं.

थोरला दारात आला होता. पत्रा, पट्टी आणि आईचा चेहरा बघून त्याला सांगावं लागलं नाही. तो नुसता म्हणाला, "म्हणजे ते…" आणि आत आला.

दातवालीने कॅमेरा बाबांच्या मांडीवर ठेवला आणि उजव्या बाजूने आपल्या हातांनी आधार दिला. बाबांनी वरून आत पाहिलं. डाव्या हाताने भिंगाचं कडं हळूहळू फिरवलं. मग हात उचलून थोरल्याला आईशेजारी बसायची खूण केली, आणि आणखी थोडं सरक अशी दुसरी केली. ते नेहमीच सरकवत. थोरला सरकला. दातवाली बाबांच्या खांद्याशीच राहिली. काचेवर तिला आई आणि भाऊ आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे दिसत होते, मागे दोरीवरची चादर होती. बाबांचं बोट खटक्यावर गेलं आणि तिथेच थबकलं. खोलीत कोणी हललं नाही.

खटॅक.

किती महिन्यांनी त्या घरात तो आवाज झाला. आरसा वर गेला आणि काच काळी झाली. बाबांनी डोकं वर केलं. त्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. आईने नकळत हात पुढे केला. आता पुन्हा चादरच येणार असं दातवालीला वाटलं, आणि आली असती तरी आज तिला चाललं असतं.

"श्वा…" बाबा म्हणाले. थांबले. जिभेने ओठ ओला केला. "श्वास. सोडा."

आणि तेव्हा कुठे त्या तिघांच्या लक्षात आलं, की त्यांनी तो रोखून धरला होता.