ओढून बघू नये

मी कमरेच्या वर टोमॅटो आणि कमरेच्या खाली वांगं आहे. हसू नका. शाळेच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून बोलतोय मी, सातवीच्या तावडीतून जिवंत सुटलेलं एकमेव कलम.

विज्ञानाच्या सरांच्या एके दिवशी मनात आलं, मुलांना अभियंते करायचं. पूल बांधायला मैदानात जागा नव्हती, म्हणून आमची पाळी आली. टोमॅटोचा शेंडा तिरपा कापायचा, वांग्याच्या खोडाला तसाच काप देऊन त्यावर बसवायचा, आणि तो जोड धरून ठेवणारी चिमटी मुलांनी स्वतः बनवायची. सरांनी फळ्यावर ठळक लिहिलं: रचना, चाचणी, सुधारणा. मुलांना मधलाच शब्द फार आवडला.

एका गटाने दोरा असा आवळला की माझ्या भावाचा गळाच कापला. दुसऱ्याने चिकटपट्टी लावली. काढताना सालही सोबत आली. काढायची काय गरज होती? तर जोड लागलाय का ते बघायला! रोज घंटा झाली की ही मंडळी धावत यायची, पट्टी सोडायची, शेंडा जरासा ओढायची आणि "अजून कच्चाच आहे" म्हणून मान हलवायची. कच्चा राहील नाहीतर काय! तुमचं मोडलेलं हाड डॉक्टरांनी रोज ओढून बघितलं तर जुळेल का?

यावर सुधारणा म्हणून आणखी मजबूत चिमट्या झाल्या. रोपं आणखी झटपट मेली.

मी गेलो पिनूच्या वाट्याला. केसांत ढीगभर पिना खोचते म्हणून ती पिनू. तिनेही आधीची रोपं मारलीच होती, तेव्हा मी मनातल्या मनात निरवानिरव सुरू केली. पण ही पोरगी चक्क विचार करत बसली.

"सर, चिमटीत खोट नाहीये. आपले हातच वाईट आहेत."

"मग काय, हात बदलायचे?" सर म्हणाले.

"नाही. उघडायची गरजच पडणार नाही, असं काहीतरी करायचं."

तिने पारदर्शक स्ट्रॉ उभी चिरली, तिचा तुकडा जोडावर चढवला आणि वरून केसांतली पिन लावली. आतलं सगळं बाहेरून दिसायला लागलं. कुणी बोट पुढे केलं की ती खेकसायची, "डोळ्यांनी बघ!" हळूहळू जोड भरला, शेंडा ताठ झाला. आपण जगणार, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला नंबर काढायला मोठे साहेब आले. "छान! पण जोड पक्का कशावरून? जरा ओढून दाखवा."

सर लगबगीने म्हणाले, "ओढ गं."

माझी पाचावर धारण बसली. पिनूने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नाही ओढणार, सर. नंबर नाही आला तरी चालेल."

बक्षीस अर्थातच विजेवर फिरणाऱ्या प्लास्टिकच्या सूर्यफुलाला मिळालं. ते कितीही ओढलं तरी मरत नाही.

आता मला कळ्या आल्यात. काल प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच माझ्या शेंड्याकडे हात नेला.

"सर!" दारातून पिनू ओरडली.

"अगं, बघत होतो फक्त," म्हणत सरांनी हात खिशात घातला.

मला न शिवता पिनूइतका जीव कुणीच लावला नाही. पण पुढच्या वर्षी ती आठवीत, वरच्या मजल्यावर जाईल. मग दारातून ओरडायला कोण असेल? तुमचं पोर सातवीत येणार असेल, तर त्याला घरूनच एवढं सांगून पाठवा. मला जगायचंय.