कापलेल्या चार मिनिटांचे म्हणणे

मी एक जुने रीळ आहे आणि मी रागावलेले आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने नम्र असावे म्हणतात. ते मला जमणार नाही. आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका संकलनाच्या खोलीत झाला. लांब टेबल, त्यात बसवलेली उजेडाची काच आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या फिल्मच्या पट्ट्या. तिथे काम करणाऱ्या बाईंना सगळे कात्रीमावशी म्हणत. दिग्दर्शकांनी टिपलेल्या ढीगभर दृश्यांतून नेमकी निवडायची आणि जोडायची, हे त्यांचे काम.

आमचा चित्रपट अंतराळातला होता. एक बाई दूरच्या ग्रहावर दीपस्तंभ दुरुस्त करायला एकटीच जाते आणि तिचे यान बिघडते. शेवटची चार मिनिटे ती खिडकीशी बसून वाट पाहते. कोणी येत नाही. ती एक शब्द बोलत नाही, दिवा मात्र विझू देत नाही. ती चार मिनिटे म्हणजे मी.

मला जोडायला कात्रीमावशींनी अकरा दिवस घेतले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा दिग्दर्शक रडले. "मावशी, यातली एक चौकटसुद्धा हलवू नका," म्हणाले. मी डब्यात मावेना!

पुढच्याच आठवड्यात निर्माते आले. त्यांनी जांभई दिली. "एवढा वेळ ती नुसती बसते? लोक चपला घालून घरी जातील! तिला न्यायला यान पाठवा. भाऊ येऊ दे, मिठी मारू दे. टाळ्या पडल्या पाहिजेत."

दिग्दर्शकांनी मान डोलावली, कापायच्या कागदावर सहीही केली. गेल्या आठवड्यात रडणारे ते हेच! मला कापले, मिठीचा शेवट जोडला आणि तोच चित्रपट गावोगाव चालला. टाळ्या पडल्या, हे मी नाकारत नाही. पण म्हणून माझ्या डब्यावर 'टाकाऊ' लिहून मला कचऱ्याच्या पिंपात टाकायचे? हा कुठला न्याय?

मावशींनी मला पिंपातून उचलले, रुमालाने पुसले आणि घरी नेले. त्यांच्या कपाटात लोकरीच्या गुंड्यांमागे मी तीस वर्षे काढली.

तोवर दिग्दर्शक म्हातारे झाले, नामांकितही झाले. त्यांनी चित्रपट पुन्हा हाती घेतला. संगणकावर मिठीच्या शेवटातल्या आकाशात तीन चंद्र चिकटवले. नायिकेच्या चेहऱ्यावरचा थकवा घासून घासून तिची चिनी मातीची बाहुली केली. 'हाच खरा चित्रपट' असे जाहीरही केले. त्या नटीला कोण विचारणार? ती केव्हाच वारली होती.

मग चित्रपट संग्रहालयाने या चित्रपटाची टिकाऊ प्रत करायचे ठरवले. एकच, कारण प्रत काढणाऱ्या यंत्रावर पाळी मिळायला वर्ष लागते. तीन शेवटांतला कोणता निवडायचा? मावशी मला पिशवीत घालून घेऊन गेल्या. तिथे संग्रहपाल होते, दिग्दर्शक होते आणि त्या नटीची मुलगी होती. ती नर्स होती, कामावरून थेट गणवेशातच आली होती.

मला पाहताच दिग्दर्शकांनी तोंड वाकडे केले. "हे अर्धवट काम आहे. चित्रपट माझा आहे. मी सांगतो तोच ठेवा, बाकीचे जाळून टाका."

जाळून टाका!

"साहेब, हे पाहून तुम्ही रडला होतात," मावशी म्हणाल्या.

"तेव्हा मला काही कळत नव्हतं."

"आणि कापायच्या कागदावर सही केलीत, तेव्हा कळत होतं?"

"आधी बघू या तरी," म्हणत संग्रहपालांनी मला यंत्रावर चढवले. माझे अंग आक्रसले होते, त्याला आंबट वास येत होता, यंत्राच्या दात्यांत बसणारी कडेची भोके फाटली होती. तरी मी चालले. पडद्यावर ती बाई खिडकीशी बसली. ओठ फुटलेले, डोळ्यांखाली काळे. मधेच तिने अंगठ्याने भुवई चोळली.

नर्सबाई खुर्चीवरून पुढे सरकल्या. "आई थकली की अस्संच करायची! ती गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला वाटायचं, ही आठवण मी मनानेच रचलीय."

दिग्दर्शकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तरी माझं मत तेच आहे," ते हळूच म्हणाले.

"तुमचं मत लिहून ठेवतो," संग्रहपाल म्हणाले. "मिठीवालाही ठेवतो, चंद्रवालाही ठेवतो. पण आजची पाळी या रिळाची."

"एकच ठेवायचं ठरलं होतं ना?" दिग्दर्शकांनी विचारले.

"मीच ठरवलं होतं. चुकलो. बाकीच्या दोघांसाठी पुन्हा पाळी लावतो, उशीर होईल तर होऊ दे. कोणता चांगला ते बघणारे ठरवतील. जाळल्यावर काय ठरवणार, डोंबल?"

माझी प्रत निघाली, पण त्या फेरीत माझी भोके जागोजागी तुटली. मी आता पुन्हा यंत्रावर चढणार नाही. थंड खोलीतल्या फळीवर पडून असते. शेजारी मिठीवाले रीळ आहे. मला ते मुळीच आवडत नाही. चंद्र तर बघवतही नाहीत. पण उद्या त्यांना कोणी जाळायला निघाले, तर मी त्यांच्याही बाजूने भांडेन.

मित्रांनो, एखादे काम पटले नाही तर खुशाल नावे ठेवा. फक्त पिंपात टाकण्याआधी एकदा नीट पाहा, आत कुणाची आई तर बसलेली नाही ना.